सोस, सोसणे आणि शोकाचे मोजमाप

मराठीत 'सोसणे' आणि 'सोस' हे दोन शब्द शेजारी नांदतात. व्युत्पत्तीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे शेजारपण अर्थपूर्ण आहे. पहिल्यात वाट्याला आलेले दुःख वाहणे आहे, दुसऱ्यात एखाद्या गोष्टीचा अनावर हव्यास. लांब पल्ल्याचे धावणे, पोहणे, चालणे यांत या दोन अर्थांची गाठ पडते. येथे माणूस सोसण्याचाच सोस धरतो. न मागता आलेल्या वेदनेवर स्वतः निवडलेल्या वेदनेचा उतारा शोधतो. या अनुभवाभोवती उभे राहिलेले आधुनिक कथात्म आणि आत्मपर लेखन मात्र बहुधा एकाच रीतीने वाचले जाते. धावल्याने चिंता निवळते, चालल्याने शोक सरतो आणि साहित्यकृती ही या गुणाची साक्ष देते, असे ती वाचनरीती गृहीत धरते. साहित्यकृतीला औषधाच्या चिठ्ठीचे रूप देणारी ही रीत तपासून पाहणे आवश्यक आहे. शरीरश्रमाने दुःख हलके होते की नाही, हा प्रश्न मानसशास्त्राचा. ज्याला अंत नाही अशा दुःखाला, जिला शेवटची रेषा आहे अशा शर्यतीचा घाट दिला की त्या दुःखाचे काय होते, हा समीक्षेचा प्रश्न होय.

फ्रॉइडने १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'शोक आणि विषण्णता' या निबंधात शोकाला एक प्रकारचे काम मानले. गमावलेल्या व्यक्तीशी निगडित असलेल्या एकेका स्मृतीपाशी जाऊन, ती व्यक्ती आता नाही हे मनाला पुनःपुन्हा पटवावे लागते. हे काम तुकड्यातुकड्यांनी होते. विषण्णतेत मात्र आपण नेमके काय गमावले हेच माणसाला उमगत नाही. लांब पल्ल्याचा खेळाडूही अंतराचे तुकडे पाडतो. पुढच्या वळणापर्यंत, पुढच्या मैलापर्यंत असे स्वतःशी ठरवत जातो. शोकाच्या कामाशी असलेले हे साम्य आकर्षक आहे आणि म्हणूनच फसवेही आहे. मैल मोजता येतात, स्मृती मोजता येत नाहीत. त्यामुळे मोजमाप हे शोकाचे साधन ठरते की त्याला चुकवण्याची युक्ती, याचा निर्णय प्रत्येक संहितेत स्वतंत्रपणे करावा लागतो.

जॉन चीव्हर यांच्या 'द स्विमर' (१९६४) या कथेत ही युक्ती उघडी पडते. नेड मेरिल हा उपनगरातील सुखवस्तू गृहस्थ ऐन उन्हाळ्यातील एका रविवारी मित्राच्या घरून निघतो आणि वाटेतील शेजाऱ्यांचे तलाव एकामागून एक पोहत आठ मैलांवरील आपल्या घरी जायचे ठरवतो. तलावांच्या या मालिकेला तो नदी कल्पितो आणि तिला पत्नीचे नाव देतो. आरंभी निवेदनाचा सूर प्रसन्न, किंचित थट्टेखोर आहे. हळूहळू एक तलाव कोरडा निघतो, एक जुनी ओळखीची बाई त्याच्या आपत्तीबद्दल हळहळते, पूर्वी ज्यांना तो कमी लेखत असे ते त्याचा अपमान करतात. आकाशात शरदातील नक्षत्रे दिसू लागतात. शेवटी तो पोहोचतो ते घर बंद आहे, रिकामे आहे. एका दुपारच्या खेळात कित्येक महिने किंवा वर्षे गिळली गेली आहेत. नेडला आपण काय गमावले हे ठाऊक नाही आणि पोहणे हेच ते ठाऊक न होऊ देण्याचे साधन आहे. त्याचा पल्ला पुरा होतो, पण पल्ला पुरा होणे हीच त्याच्या नाशाची उघडकी ठरते. औषधाच्या चिठ्ठीचे तर्कशास्त्र चीव्हर असे नेमके उलटे करतात.

अॅलन सिलिटो यांच्या १९५९ च्या 'द लोनलीनेस ऑफ द लाँग-डिस्टन्स रनर' या कथेत प्रश्न वेगळ्या अंगाने येतो. बेकरीतील चोरीपायी सुधारशाळेत आलेला स्मिथ हा कामगारवस्तीतील मुलगा पहाटेच्या गोठलेल्या शेतांतून एकटा धावतो. संस्थेच्या प्रमुखाला त्याच्याकडून चषक हवा आहे. या कथेची चर्चा बहुधा वर्गविद्रोहापाशी थांबते आणि तिच्या मुळाशी असलेला शोक दुर्लक्षित राहतो. स्मिथचा बाप घशाच्या कर्करोगाने, डॉक्टरांना आणि रुग्णालयाला धुडकावून घरीच मेला. कारखान्याकडून मिळालेल्या ५०० पौंडांतून घरात दूरचित्रवाणी संच आणि चैनीच्या वस्तू आल्या. बापाच्या मृत्यूची किंमत अशी एकदा मोजून दिली गेली आहे. शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात, दम फुटत असताना, स्मिथला तो मृत्यू आठवतो. आणि सर्वांच्या पुढे असूनही तो अंतिम रेषेच्या अलीकडे मुद्दाम रेंगाळतो. ही केवळ अधिकाऱ्याला दिलेली चपराक नव्हे. आपल्या सोसण्याचे मोल दुसऱ्याने ठरवू नये म्हणून केलेला तो नकार आहे. बापाने उपचार नाकारले, मुलगा विजय नाकारतो. शर्यत हरण्यातच त्याचा शोक पहिल्यांदा त्याच्या मालकीचा होतो.

हारुकी मुराकामी यांचे धावण्याविषयीचे आत्मपर पुस्तक (२००७) या दोन कथांपेक्षा वरवर पाहता सौम्य आहे. १९८२ मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी त्यांनी धावायला सुरुवात केली. कोणी नाकारले वा अकारण टीका केली की आपण एरवीपेक्षा थोडे अधिक अंतर धावतो, असे ते नोंदवतात. चिंतेवरील उपाय म्हणून हा उल्लेख सहज उचलता येण्याजोगा आहे. पण पुस्तकाचा कणा दुसरीकडे आहे. १९९६ मध्ये होक्काइदोतील सारोमा सरोवराकाठची १०० किलोमीटरची शर्यत त्यांनी ११ तास ४२ मिनिटांत पुरी केली आणि त्यानंतर धावण्याची असोशीच ओसरली. शिवाय वय वाढते तशी सरावाने न भरून निघणारी घट वेळांच्या आकड्यांत दिसू लागते. येथे गमावलेली वस्तू म्हणजे स्वतःचे तारुण्य आणि घड्याळ हेच त्या हानीचे साक्षीदार. धावणे हानीला थोपवत नाही. ती नोंदवण्याची शिस्त तेवढी पुरवते. मुराकामींचे गद्य ही नोंद हुंदक्यावाचून करते, यात त्याचे सामर्थ्य आहे. पण हा समजूतदारपणा कधी कधी इतका गुळगुळीत होतो की हानीची धार वाचकाला जाणवेनाशी होते. ही त्या पुस्तकाची मर्यादा मानली पाहिजे.

शेरिल स्ट्रेड यांचे 'वाइल्ड' (२०१२) हे या परंपरेतील सर्वाधिक वाचले गेलेले आणि म्हणूनच सर्वाधिक चुकीचे वाचले गेलेले पुस्तक म्हणता येईल. १९९१ मध्ये आई ४५व्या वर्षी कर्करोगाने गेली. कुटुंब विखुरले, विवाह मोडला. १९९५ मध्ये स्ट्रेड 'पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल'वर सुमारे ११०० मैल एकट्या चालल्या. हरवण्यापासून सापडण्यापर्यंतच्या प्रवासाचे आश्वासन उपशीर्षकच देते. संहिता मात्र या आश्वासनाला वारंवार अडवते. पाठीवरचे ओझे हलके करण्यासाठी लेखिका वाचून झालेली पाने जाळत जाते. एड्रिएन रिच यांचा एक कवितासंग्रह मात्र अखेरपर्यंत जवळ ठेवते. बर्फामुळे सिएरा नेवाडाचा मोठा भाग तिला वगळावा लागतो. म्हणजे पायवाटेच्या मधोमध एक रिकामी जागा राहते. आणि चालणे व पुस्तक यांच्यात १७ वर्षांचे अंतर आहे. पायांनी ९० हून अधिक दिवसांत पार केलेले अंतर शब्दांनी पार करायला इतका काळ लागला, ही वस्तुस्थितीच औषधवादी वाचनाला पुरेसे उत्तर आहे. चालण्याने शोक संपवला असता, तर लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते. पुस्तकाच्या शेवटी येणारा समाधानाचा सूर या अंतराकडे पाठ फिरवतो आणि तेथे ते आपल्याच उपशीर्षकाला शरण जाते.

या चार संहितांचा एकत्र विचार करताना मर्ढेकरांच्या लयविचाराचा आधार उपयुक्त ठरतो. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांपैकी धावणाऱ्याची पावले, पोहणाऱ्याचे हात आणि श्वास यांच्याकडे फक्त पहिले आहे. एकसारखी पुनरावृत्ती मनाला गुंगवते. चिंताग्रस्त माणसाला तिचा दिलासा मिळत असेल, तर तो याच गुंगीमुळे. साहित्यकृतीला मात्र विरोधावाचून लय साधत नाही. चीव्हर यांच्याकडे हा विरोध खेळाचा एक दिवस आणि सरलेला काळ यांच्यात आहे, सिलिटो यांच्याकडे वेग आणि थांबणे यांच्यात, मुराकामींकडे सराव आणि घट यांच्यात, स्ट्रेड यांच्याकडे पायवाट आणि लेखन यांच्यात. जेथे हा विरोध शेवटपर्यंत जागता राहतो तेथे शोकाला रूप मिळते. जेथे तो घाईने समतोलाकडे वळवला जातो तेथे उपदेश उरतो.

मग या लेखनाने वाचकाला काय मिळते? सांत्वन नव्हे, निदान स्वस्त सांत्वन नव्हे. अंतिम रेषा ओलांडल्यावर वा तिच्या अलीकडे थांबल्यावरही मेलेला माणूस मेलेलाच राहतो, हे या संहितांपैकी उत्तम संहिता लपवत नाहीत. शोकाला अंत नसला तरी त्याला आरंभ, टप्पे आणि विराम देता येतात, एवढेच त्या दाखवतात. दम धरणे आणि दम लागणे या दोन्ही क्रिया मराठी भाषा एकाच शब्दाने सांगते. धीर आणि धाप यांना असे एकत्र धरून ठेवणे, एकीला दुसरीच्या नावाने विकून न टाकणे, हीच या साहित्याची कसोटी म्हणावी लागेल.