पट्टा दिसतो, फ्यूज दिसत नाही

पुस्तकांचे परीक्षण होते, नाटकांचे होते. खेळण्यांचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. मूल जितका वेळ पुस्तकाबरोबर काढते त्याहून अधिक वेळ खेळण्याबरोबर काढते आणि यंत्रांविषयीच्या त्याच्या पहिल्या कल्पना तिथेच तयार होतात. म्हणून या लेखात एका खेळण्याचे परीक्षण करायचे आहे. ते म्हणजे मुलाने आत बसून चालवायची बॅटरीवरची मोटारगाडी. पिंपरी-चिंचवडच्या बागांबाहेर संध्याकाळी अशा गाड्या भाड्याने मिळतात. हल्ली त्या वाढदिवसाची भेट म्हणून घरातही येऊ लागल्या आहेत.

माझा धाकटा भाऊ चाकणला एका कारखान्यात मोटारींच्या वायरिंगची तपासणी करतो. त्याच्या मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसाला अशीच एक लाल जीप आली. भाऊ कौतुकाने म्हणाला, "ताई, बेल्टसुद्धा आहे बघ. दिवे, हॉर्न, आरसे, सगळं आहे." मी विचारले, "फ्यूज कुठे आहे?" तो क्षणभर गप्प राहिला. दिवसभर हजारो फ्यूज आणि कनेक्टर डोळ्यांखालून घालणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलाची गाडी घेताना हा प्रश्न विचारला नव्हता. दोष त्याचा नाही. खोक्यावर 'सुरक्षित' या शब्दाखाली जे छापले होते, त्यात फ्यूज नव्हताच.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. या गाड्यांत सुरक्षिततेच्या ज्या गोष्टी दाखवल्या जातात त्या बहुधा मोठ्या मोटारीची नक्कल असतात आणि ज्या खरोखर मुलाला जपतात त्या सीटखाली लपलेल्या असतात. ग्राहक पहिल्या पाहून पैसे देतो. दुसऱ्या आहेत की नाहीत हे त्याला कळत नाही.

हे थोडे आकड्यांत पाहू. गाडीचे वजन १५ किलो आणि मुलाचे १५ किलो धरू. गाडी ताशी ४ किलोमीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या चालीने, जात असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १९ ज्यूल भरते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ८ किलोमीटर झाला तर ऊर्जा चौपट, सुमारे ७४ ज्यूल होते. आता सीटखाली पाहू. तिथे अनेकदा १२ व्होल्ट, ७ अँपियर-तास क्षमतेची शिसे-आम्ल बॅटरी असते. १२ × ७ × ३६०० असा गुणाकार केला तर ३,०२,४०० ज्यूल येतात. म्हणजे गाडी पूर्ण वेगात असतानाही तिच्या गतीत जेवढी ऊर्जा आहे त्याच्या चार हजार पट ऊर्जा मुलाच्या बैठकीखाली साठवलेली आहे. पट्टा पहिल्या ऊर्जेसाठी आहे. दुसरीचा बंदोबस्त फ्यूज, जाड तारा आणि घट्ट जोड यांनीच होतो.

ही ऊर्जा सावकाश बाहेर पडली तर गाडी तासभर चालते. ती चटकन बाहेर पडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सर्वांना माहीत असलेला शॉर्ट सर्किटचा. अशा बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असतो, त्यामुळे तिची दोन टोके एकमेकांना भिडली तर शंभराहून अधिक अँपियर प्रवाह वाहू शकतो. दुसरा मार्ग रोजच्या खेळातला आहे. गाडी भिंतीला जाऊन टेकते आणि मूल पेडल दाबूनच ठेवते. मोटर फिरत असताना तिच्यात विरोधी विद्युतदाब निर्माण होतो आणि तोच प्रवाहाला आवर घालतो. चाके अडकली की मोटर थांबते, विरोधी दाब शून्य होतो आणि प्रवाह कित्येक पट वाढतो. समजा, एका जोडाचा रोध ०.०२ ओहम आहे. १० अँपियर प्रवाहाला त्या जोडात २ वॅट उष्णता निघेल. प्रवाह ४० अँपियर झाला की ३२ वॅट. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. ते टोक प्लॅस्टिकला टेकवून ठेवण्याची कल्पना करावी, म्हणजे धोका लक्षात येईल.

फ्यूज असला की सारे भागले असेही नाही. फ्यूजला प्रवाह कळतो, तापमान कळत नाही. गंजलेल्या किंवा सैल कनेक्टरचा रोध ०.२ ओहम झाला तर नेहमीच्या १० अँपियरलाही तिथे २० वॅट उष्णता निघत राहील आणि फ्यूजला त्याचा पत्ता लागणार नाही. पाणी, धूळ आणि हिसके यांनी सैल होत जाणारे जोड हा या खेळण्यातला खरा कच्चा दुवा आहे.

ही भीती कागदावरची नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेत फिशर-प्राइस या कंपनीला 'पॉवर व्हील्स' नावाच्या, तोवर विकलेल्या सुमारे १ कोटी गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. विद्युतभाग तापल्याच्या सुमारे ७०० तक्रारी आल्या होत्या, त्यांपैकी सुमारे १५० आगीच्या होत्या. नऊ मुलांना किरकोळ भाजले होते. शिवाय ७१ तक्रारी वेगळ्याच होत्या. त्या गाड्या थांबतच नव्हत्या. हे दोष वेळेवर न कळवल्याबद्दल २००१ साली कंपनीला ११ लाख डॉलर दंड भरावा लागला. आग आणि न थांबणे या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकाच ठिकाणी आहे, तारा आणि विद्युतभागांत.

ते कसे, हे समजायला या गाडीचा ब्रेक पाहावा लागेल. पुष्कळ गाड्यांत ब्रेकचे वेगळे पेडल नसतेच. पेडलवरून पाय काढला की स्विच मोटरला बॅटरीपासून तोडतो आणि मोटरची दोन टोके एकमेकांना जोडतो. फिरणारी मोटर मग जनित्र बनते, तिच्यात निर्माण झालेला प्रवाह तिच्याच फिरण्याला विरोध करतो आणि गाडी थांबते. युक्ती उत्तम आहे. ती वर्गात दाखवता येते. पुण्याच्या तपकीर गल्लीत रोबोटच्या चाकांसाठी गिअर लावलेली छोटी पिवळी मोटर मिळते. तिच्या तारा मोकळ्या ठेवून चाक हाताने फिरवा. मग दोन्ही तारा एकमेकींना जोडून फिरवा. चाक जड झाल्याचे बोटांना लगेच जाणवते. लेन्झचा नियम यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येईल असे मला वाटत नाही.

पण या ब्रेकच्या दोन मर्यादा आहेत. स्विचचे संपर्क तापून चिकटले किंवा तारांचा शॉर्ट झाला तर पाय काढूनही मोटर चालूच राहते. चालवणारा आणि थांबवणारा भाग एकच असल्याने तो बिघडला की दोन्ही कामे बिघडतात. दुसरी मर्यादा उताराची. हा ब्रेक मोटर फिरत असेल तेव्हाच विरोध करतो, ती स्थिर असताना करत नाही. त्यामुळे तो गाडी हळू करतो, उतारावर धरून ठेवेलच असे नाही. रावेत, मोशी, वाकडच्या उंच इमारतींत तळघरातल्या पार्किंगला उतरण होते आणि मुले नेमकी तिथेच खेळतात. आठास एक अशा उतारावर ३० किलोच्या गाडीला खाली ओढणारे बल सुमारे ३७ न्यूटन असते. खालून मोठी मोटार वर येत असेल तर गाडीतले इवलेसे मूल तिच्या चालकाच्या नजरेच्या खालीच राहते. इथे बेल्टचा काहीही उपयोग नाही. मोठ्या माणसाचे लक्ष आणि सपाट जागा हेच खरे संरक्षण आहे.

मग कायदा काय करतो? पुष्कळ करतो. खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश, २०२० हा १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक झाले. विजेवरच्या खेळण्यांसाठी आय.एस. १५६४४ आणि यांत्रिक सुरक्षिततेसाठी आय.एस. ९८७३ ही मानके आहेत. त्यांत विद्युतदाबाला २४ व्होल्टची मर्यादा आहे, वेगालाही मर्यादा आहे. हे चिन्ह नसलेली गाडी घेऊच नये. पण चिन्हाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. तपासली गेली ती कारखान्यातून निघालेली गाडी. बागेबाहेर दोन वर्षे रोज शंभर मुलांना फिरवलेली आणि चार वेळा उघडून दुरुस्त केलेली गाडी ती नव्हे. अशा एका गाडीचे सीट उचलल्यावर फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळलेली मी स्वतः पाहिली आहे. दुसरा प्रकार ६ व्होल्टच्या गाडीला १२ व्होल्टची बॅटरी लावण्याचा. दाब दुप्पट म्हणजे वेग जवळजवळ दुप्पट आणि गतिज ऊर्जा जवळजवळ चौपट. तारा, स्विच आणि गिअर मात्र तेच. गाडीवरचे चिन्ह त्यानंतरही तसेच चमकत राहते.

हे सगळे कोणत्या परिसरात घडते ते पाहिले की अधिक वाईट वाटते. वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनचे एक केंद्र चाकणला आहे. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या 'भारत एन.कॅप' योजनेत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात आणि मागच्या सीटवर दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे बसवून त्यांना काय होते ते मोजतात. त्या योजनेत पहिल्यांदा पाच तारे मिळवणाऱ्या हॅरिअर आणि सफारी या गाड्या पिंपरीतच बनतात. तीन वर्षांच्या पुतळ्याची एवढी काळजी घेणारे ज्ञान ज्या गावात आहे, तिथल्या तीन वर्षांच्या खऱ्या मुलाच्या गाडीत तांब्याची तार असावी? ज्ञान कारखान्याच्या फाटकाबाहेर पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ते बाहेर काढण्याचे काम शाळा करू शकते. या भागातल्या वर्गांत वायरमन, फिटर, तपासनीस यांची मुले बसतात. एखाद्या पालकसभेला अशी एक गाडी मागवावी. बॅटरीची जोडणी सोडवून सीट उघडावे आणि मुलांनीच प्रश्न विचारावेत. फ्यूज आहे का, तो बॅटरीच्या अगदी जवळ आहे का? कनेक्टर काळा पडला आहे का? मग जोडणी परत करून मैदानात यावे. दहा मीटर अंतर मोजून घड्याळ लावावे आणि वेग काढावा. पाय काढल्यावर गाडी किती अंतरात थांबते ते टेपने मोजावे. चार्जर लावलेला असताना गाडी चालते का पाहावे, ती चालता कामा नये. मूल पेडल दाबून असतानाही पालकांच्या रिमोटने ती थांबते का पाहावे. मूल आत नसताना, जपून, लहान उतारावर ती धरून राहते का पाहावे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

आय.आय.टी.तून बाहेर पडल्यावर पुण्याच्या टेल्कोत काम केलेल्या अरविंद गुप्तांनी पुढे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबमधून खेळणी केली. त्यांच्या खेळण्यात झाकलेले काही नसते. मूल ते उघडते, समजून घेते आणि परत जोडते. लाल जीपची तुलना त्याच्याशी केली तर जीप कमी पडते ती वेगात किंवा दिव्यांत नाही, ती स्वतःविषयी मुलाला काहीच सांगत नाही यात.

पट्टा निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. तो मुलाला चालत्या गाडीत उभे राहू देत नाही आणि मोठ्या मोटारीत पट्टा लावण्याची सवय लावतो. पण तो पाहून समाधान मानू नये. भावाने त्या रात्री सीट उघडले. फ्यूज होता, पण शेजारचा कनेक्टर सैल होता. कारखान्यात हा जोड त्याने नापास केला असता. त्याने तो बदलला, तेव्हा पुतण्या टॉर्च धरून शेजारी बसला होता.