मातृत्वाचा गौरव आणि मातृत्वाचे मोल

मराठी साहित्यात आईइतका गौरव दुसऱ्या कोणाच्या वाट्याला क्वचितच आला असेल. वारकरी संतांना देवाला हाक मारताना 'माउली' हाच शब्द सर्वांत जवळचा वाटला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. १९३५ साली ती पुस्तकरूपाने आली आणि तेव्हापासून मराठी घराघरांत वाचली जात आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. आपणा ख्रिस्ती कुटुंबांना तर मातृत्वाच्या सन्मानाचे बाळकडू पवित्र मरियेच्या भक्तीतूनच मिळते. त्यामुळे स्त्रीमुक्तीचा पुरस्कार करणारी एखादी लेखिका मातृत्वाविषयी प्रश्न विचारू लागली की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. 'या बायकांना आई होणेच नको आहे,' असा शेरा मारून आपण मोकळे होतो.

हा शेरा कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, मातृत्वाविषयी स्त्रीवाद्यांमध्ये आपसांतच तीव्र मतभेद आहेत आणि त्यांतील काही मते आम्हांला मान्य नाहीत. परंतु त्यांच्या मुख्य प्रश्नाला आपण अद्याप उत्तर दिलेले नाही. मूल साऱ्या समाजाचे म्हणायचे, तर मग त्याच्या जन्माची आणि संगोपनाची किंमत एकट्या आईनेच का मोजावी, हा तो प्रश्न.

हा प्रश्न काही विलायतेहून आलेला नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध लिहून, साऱ्या दुर्गुणांचे गाठोडे स्त्रीच्या माथी मारणाऱ्या समाजाला खडसावून जाब विचारला. १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांतील एका कथेचे नावच 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असे आहे. शिकलेल्या, मिळवत्या मुलीच्या पगारावर घर चालते. मात्र तिला स्वतःचा संसार असावा, स्वतःचे मूल असावे, याची आठवण घरातील कोणालाच राहत नाही. मुलीने नोकरी केली की ती स्वतंत्र होते, ही सुधारकांची भाबडी समजूत या लेखिकेने त्याच काळात तपासून पाहिली. पुढे १९८३ साली ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने गावोगावी नेले. मुलगी जन्मली म्हणून आईलाच दोष देणारा समाज त्या नाटकाने लोकांसमोर उभा केला.

याच दृष्टीने 'श्यामची आई' पुन्हा वाचण्यासारखी आहे. तिच्यातील संस्कारांची थोरवी निर्विवाद आहे. परंतु त्याच पुस्तकात कर्जाने पिचलेले घर आहे, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान आहे, आजारपण आहे आणि अकाली आलेले मरण आहे. श्याम हे सारे लपवीत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांनी मात्र त्यातून आईची सोशिकता तेवढी उचलली आणि तिच्यावर ते सोसण्याची वेळ का आली, हा विचार बाजूला ठेवला. आम्हांस वाटते, दोष पुस्तकाचा नाही; वाचणाऱ्यांच्या सोयीचा आहे. सोशीक आईचे कौतुक करणे सोपे असते, कारण त्यासाठी कोणाला काही द्यावे लागत नाही.

आता पाश्चात्त्य स्त्रीवादाकडे वळू. बेटी फ्रीडन यांनी १९६३ साली 'द फेमिनिन मिस्टीक' लिहून अमेरिकेतील सुशिक्षित गृहिणीच्या मनातील रितेपणाला वाचा फोडली. घराबाहेरचे अर्थपूर्ण काम हा त्यांचा उपाय. १९७० साली शुलामिथ फायरस्टोन यांनी टोक गाठले. गर्भधारणा हीच स्त्रीच्या दास्याची मुळी असून तंत्रज्ञानाने स्त्रीची तीतून सुटका करावी, असे त्या म्हणाल्या. हे मत आम्ही साफ नाकारतो. अन्याय माणसांनी केला असेल तर तो माणसांनीच दूर करावयाचा असतो. त्यासाठी स्त्रीच्या शरीरालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा न्याय नव्हे. गर्भपाताच्या प्रश्नावरही स्त्रीवाद्यांतील मोठ्या गटाशी आमचा मतभेद आहे, आणि तो लपविण्याचे कारण नाही.

मात्र १९७६ साली एड्रियन रिच यांनी 'ऑफ वुमन बॉर्न' या ग्रंथात केलेला भेद आम्हांला मोलाचा वाटतो. रिच स्वतः तीन मुलग्यांची आई होत्या. आई आणि मूल यांचे प्रत्यक्ष नाते ही एक गोष्ट आणि समाजाने नियम, अपेक्षा व सत्ता यांच्या आधारे उभारलेली मातृत्वाची संस्था ही दुसरी, असे त्या मांडतात. पहिल्यात आनंद असतो, थकवाही असतो. दुसरी मात्र आईला एकटी पाडते आणि वर तिच्याकडून अखंड हसतमुख राहण्याची अपेक्षा करते. रिच यांचा रोख पुष्कळदा कुटुंबसंस्थेवरच घसरतो, तेथे आम्ही त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. आजी, मावशी, शेजारीण, धर्मग्राम यांच्या आधाराने वाढलेले मूल आपण पाहत आलो आहोत. तरीही कोणत्याही बाळंतिणीने एकांतात विचारले तर हा भेद तिला समजावून सांगावा लागणार नाही.

फ्रीडन यांच्या उपायातील उणीव स्त्रीवाद्यांनीच दाखवून दिली. घर की नोकरी, हा पेच सुस्थितीतील स्त्रीचा. गरीब व कृष्णवर्णीय स्त्रिया तर पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या घरी राबतच होत्या, असे बेल हुक्स यांनी १९८४ साली ठणकावून सांगितले. आपल्या वाचकांना याचा अर्थ लगेच कळावा. वसईहून भाजीच्या पाट्या घेऊन मुंबई गाठणाऱ्या बाईला किंवा उत्तनच्या मासळी विकणाऱ्या कोळणीला 'बाईने घराबाहेर पडावे का?' असे कोणी विचारले नव्हते. तिने बाहेर पडावे हे घराने गृहीतच धरले होते, आणि परतल्यावर चूल तिनेच पेटवावी, हेही.

कामाच्या ठिकाणी समता आहे, असे कायदा सांगतो. अनुभव काय सांगतो? १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात एअर इंडिया विरुद्ध नर्गिस मिर्झा हा खटला निकाली निघाला. पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीची नोकरी संपुष्टात आणणारा नियम न्यायालयाने मनमानी ठरवून रद्द केला. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरी जाण्याची अट न्यायालयाने कायम ठेवली. म्हणजे न्यायाचे दार उघडले, पण अर्धेच. आज असा उघड नियम कोणी लिहिणार नाही. त्याची आवश्यकताही उरलेली नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. समान शिक्षण व समान व्यवसाय असलेल्या स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील अंतर मुख्यतः पहिल्या मुलाच्या जन्मानंतर वाढत जाते, हे त्यांनी दाखवून दिले. डेन्मार्कसारख्या समतेचा डांगोरा पिटणाऱ्या देशातही मूल झाल्यावर स्त्रीची मिळकत पुरुषाच्या तुलनेत कायमची सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते, असे तेथील अभ्यासात आढळले. बापाच्या पगारावर मुलाच्या जन्माचा असा काही परिणाम दिसला नाही.

येथेच शासकीय धोरणाचा प्रश्न येतो, आणि या प्रश्नाचा इतिहास मुंबईचा आहे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेस आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा देताना एक मूलभूत मुद्दा मांडला. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. तेव्हा त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. मात्र ज्याला तिच्या श्रमाचा फायदा होतो त्या मालकालाही पूर्णपणे हात झटकता येणार नाहीत. १९२९ साली कायदा झाला, परंतु भार मालकावरच राहिला.

१९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने तीच वाट धरली. २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली आणि पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर सक्तीचे झाले. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. रजेची मुदत वाढली याचा आनंद आहे. परंतु कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या, ठराविक वेतनमर्यादेखालील स्त्रिया सोडल्या तर या रजेचा पगार एकट्या मालकानेच द्यावयाचा आहे. त्याचा परिणाम काय होईल, हे समजण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. दोन सारख्या पात्रतेचे उमेदवार समोर असले तर छोटा व्यावसायिक तरुण स्त्रीला टाळील. तो तसे बोलणार नाही, लिहिणार तर नाहीच. आईच्या हितासाठी केलेला कायदा अशा रीतीने आई होऊ शकणाऱ्या प्रत्येकीच्या वाटेत धोंड होऊन बसतो.

शिवाय आपल्या देशातील बहुसंख्य कष्टकरी स्त्रियांना मालकच नाही, किंवा असला तरी तो कागदावर नाही. त्यांच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा मातृत्वलाभ देऊ केला. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये ठरविण्यात आले; दुसऱ्या अपत्यासाठी पुढे तरतूद झाली ती फक्त मुलगी झाल्यास. एका आईला २६ आठवड्यांचा पगार आणि दुसरीला एकदाच काही हजार रुपये: बाळाची भूक मात्र दोघींकडे सारखीच असते. या गरीब मातांची काळजी वाहण्यासाठी नेमलेल्या अंगणवाडी सेविकांकडे पाहावे. त्यांना वेतन नव्हे, 'मानधन' मिळते. मान शब्दात आहे आणि धन तुटपुंजे आहे. त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सांगण्यासाठीही २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला.

या चर्चेत बाप कोठे आहे? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्वाची रजा १५ दिवसांची मिळते. खाजगी क्षेत्रातील बापासाठी कायद्यात रजेची तरतूदच नाही. स्वीडनने १९७४ सालीच आईची रजा आई-बाप दोघांची केली. आज तेथे ४८० दिवस मिळतात, त्यांतील ९० दिवस प्रत्येकाचे राखीव असतात, आणि पैसा सामाजिक विम्यातून येतो. आपल्याकडील २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सरासरी वेळ २८९ मिनिटे, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे आढळला. यात घरकामाला हातच न लावणारे पुरुष धरलेले नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत आपण समजतो त्यापेक्षा पुढे आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमाविषयीच्या परिपत्रकात असे मांडले की, आईला मुलांसाठी वेळ देता यावा आणि त्यासाठी तिला इतर स्त्रियांच्या मागे पडावे लागू नये, हे पाहणे समाजाचे कर्तव्य आहे. बीजिंग येथील महिला परिषदेपूर्वी, २९ जून १९९५ रोजी, स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी समान कामाला समान वेतन, नोकरदार मातांना संरक्षण आणि बढतीत न्याय यांची स्पष्ट मागणी केली. घरी राहणाऱ्या आईचा कैवार घेणारे पहिल्या पत्राचा आधार घेतात, नोकरी करणारीचे कैवारी दुसऱ्याचा. आमच्या मते दोन्हींचा आशय एकच आहे: निवड आईची असावी, आणि कोणत्याही निवडीबद्दल तिला दंड होऊ नये.

तेव्हा स्त्रीवादाचे सारेच स्वीकारा, असे आम्ही म्हणत नाही. त्यातील मातृत्वद्वेष गाळून टाकावा. त्यातील हिशेबाची मागणी मात्र टाकू नये. सरकारकडे आपण मागावे ते हे की प्रसूतिरजेचा खर्च सर्वांच्या वर्गणीच्या निधीतून व्हावा आणि त्यात भाजीवाली व मासळीवाली यांनाही स्थान असावे. सरकारकडे बोट दाखविताना आपल्या शाळा, रुग्णालये आणि पतसंस्था यांच्या चालकांनी आपल्या कंत्राटी शिक्षिका व परिचारिका यांना प्रसूतीच्या वेळी काय मिळते, हेही तपासावे. आणि घराघरांत मुलग्यांना लहानपणापासून भात लावायला, भांडी घासायला आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला शिकवावे. व्यासपीठावरून आणि वेदीवरून आईची स्तुती आपण पुष्कळ केली आहे. ती खरी ठरावी असे वाटत असेल तर तिच्या वाट्याचे काम आणि तिच्या हक्काचा पैसा यांविषयी बोलण्याचा संकोच आपण सोडला पाहिजे.