हिंसेची मोजदाद : ‘माझा प्रवास’ आणि सत्तावनचे वाचन

‘माझा प्रवास’ हा बंडाच्या हकीकतीचा ग्रंथ म्हणून वाचण्याची सवय मराठी वाचकाला फार लवकर लागली, आणि तिने या संहितेचे नुकसानच केले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते बंड पाहण्यासाठी नव्हे. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल व घरचे कर्ज फिटेल, एवढाच त्यांचा हेतू. इतिहास त्यांना वाटेत गाठतो.

सावरकरांच्या सत्तावनवरील ग्रंथात (मूळ मराठीत लिहिलेला हा ग्रंथ १९०९ साली प्रथम इंग्रजीत छापला गेला) रक्तपाताला प्रयोजन आहे. प्रत्येक मृत्यू एका राष्ट्रीय यज्ञातील आहुती ठरतो. गोडशांना खराखुरा यज्ञ ठाऊक आहे. कदाचित म्हणूनच कत्तलीला ते यज्ञाचे रूपक देत नाहीत. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज झाशीत शिरल्यानंतरचे त्यांचे निवेदन भिक्षुकाच्या हिशेबी नजरेतून येते. लूट मौल्यवान जिनसांपासून सुरू होते व पायरीपायरीने भांडी, कपडे, धान्य इथवर उतरते. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची नासधूसही त्याच ओघात येते. काय गेले, कोणत्या क्रमाने गेले, हे सांगताना निवेदकाचा आवाज चढत नाही. हिंसेची ही मोजदादच तिचा अर्थ लावण्याचे नाकारते. तिला ‘वास्तववाद’ म्हणून गौरवण्याची घाई मात्र समीक्षेने करू नये. निवेदकाची चौकट प्रारब्धाची आहे, आणि त्याच्या करुणेचा परीघ बव्हंशी आपल्या आश्रयदात्यांच्या व जातभाईंच्या वस्तीपुरता आहे.

आणखी एक अडचण आहे. जून १८५७ मध्ये जोखनबागेत गोऱ्या स्त्रीपुरुषांची आणि मुलांची कत्तल झाली, तेव्हा गोडसे झाशीत नव्हते. पुढच्या वर्षीच्या कत्तलीच्या वेळी ते शहरातच जीव मुठीत धरून लपले होते. म्हणजे या ग्रंथात एक हिंसा ऐकीव आहे, दुसरी अंगावरून गेलेली. दोहोंच्या वर्णनातील तफावत हा लेखकाचा न्यायनिवाडा मानणे चूक आहे. ती साक्षीदाराच्या देहाने घातलेली मर्यादा आहे.

ही साक्षही एकसंध नाही. घटना १८५७-५८ च्या, लेखन १८८३ चे, म्हणजे राणीच्या जाहीरनाम्याला पाव शतक लोटल्यानंतरचे. आणि प्रकाशन लेखकाच्या मृत्यूनंतर १९०७ साली, स्वदेशीच्या धामधुमीत. चिंतामण विनायक वैद्य यांनी छापताना भाषा सफाईदार केली, मजकुरात फेरफार केले. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितानुसार आवृत्ती सिद्ध केली ती १९६६ साली. तोवर जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक ज्या ‘प्रत्यक्षदर्शी’ शब्दांवर विसंबला, ते काही अंशी संपादकाचे होते. राष्ट्राला आपला हिंसक भूतकाळ कोणत्या भाषेत सोसवतो, याचा शोध या दोन संहितांमधील अंतरात घेता येईल. विद्यापीठीय अभ्यासाने मात्र पाठचिकित्सेला नेहमीप्रमाणे कारकुनी काम मानले.

विहिरीवर राणी स्वतः पाणी शेंदू पाहते, तो प्रसंग सर्वतोमुखी झाला. ग्रंथ मात्र तेथे संपत नाही. जमवलेल्या दक्षिणेची वाताहत झालेला हा भिक्षुक गंगेची कावड खांद्यावर घेऊन वरसईस परततो, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालतो. घरचे कर्ज तसेच असते.