कडेची माणसं

अल्ट्रा-वाइड लेन्सबद्दलचं आपल्याकडचं बोलणं बहुतेक वेळा ‘किती मावतं’ इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं. दिवे घाटातली अख्खी वारी मावली, सोमवती अमावास्येला जेजुरीच्या पायऱ्यांवर उधळलेला सगळा भंडारा मावला, लक्ष्मी रोडवरचं ढोलपथक दोन्ही बाजूंच्या इमारतींसकट मावलं. असे फोटो दरवर्षी येतात, दरवर्षी त्यांचं कौतुक होतं, आणि त्यातले काही कौतुकाला पात्रही असतात. माझी तक्रार मावण्याबद्दल नाही. मावलेली माणसं चौकटीत कुठे जाऊन पडतात आणि तिथे पडल्यावर त्यांचं काय होतं, याबद्दल आहे. मधल्या माणसाकडे सगळे बघतात. कडेच्या माणसाचं काय झालं हे सहसा कुणी बघत नाही. बऱ्याचदा फोटो काढणाऱ्यानेही बघितलेलं नसतं.

ही गोष्ट सगळ्यात स्पष्ट कळते ती डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर. मी गेली काही वर्षं लायका एम९वर फोग्टलेंडरची १५ मिमीची लेन्स वापरतो आहे, म्हणून उदाहरण तिचंच घेतो.

ज्यांनी असा कॅमेरा हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो. रेंजफाइंडरमध्ये तसं नसतं. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात एक वेगळी खिडकी असते. तिच्या मध्यावर एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, त्या एकमेकींवर आणून बसवल्या की फोकस झाला. त्याच खिडकीत उजळ रेघांच्या चौकटी दिसतात, लेन्सप्रमाणे लहान-मोठ्या. एम९मध्ये यातली सगळ्यात मोठी चौकट २८ मिमीची. त्याहून रुंद लेन्स लावली की खिडकी अपुरी पडते आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावर, फ्लॅश जिथे बसतो तिथे, वेगळा काचेचा व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो. म्हणजे फोकस एका खिडकीतून आणि चौकट दुसऱ्या खिडकीतून. त्यात १५ मिमीची पहिली आवृत्ती रेंजफाइंडरला जोडलेलीच नव्हती. तिचं अंतर अंदाजाने लावायचं. एफ/८ला अंतर १ मीटरवर ठेवलं की साधारण अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं, त्यामुळे फोकस करायची गरजही उरत नाही. ज्या यंत्रणेच्या नावाने हा कॅमेरा ओळखला जातो, तीच इथे रिकामी बसलेली असते.

जपानच्या कोसिना कंपनीने १९९९ साली फोग्टलेंडर या जुन्या जर्मन नावाखाली ही लेन्स आणली, तेव्हा सोबत बेसा-एल नावाचा कॅमेरा काढला. त्याला रेंजफाइंडर नव्हता, व्ह्यूफाइंडरही नव्हता. प्रकाश मोजायची सोय तेवढी होती. बाकी बघायचं ते डोक्यावरच्या काचेतून. अल्ट्रा-वाइडने बघणं हे कॅमेऱ्याच्या आतलं काम नाही, हे इतक्या सरळपणे मान्य करणारा कॅमेरा क्वचितच झाला असेल.

ही डोक्यावरची काच सुंदर असते. जग लहान, लखलखीत आणि दूर दिसतं. पण ती तीन बाबतींत लेन्सशी जुळत नाही. एक, ती लेन्सच्या वर काही सेंटिमीटरांवर बसते. अर्ध्या मीटरवरच्या माणसाच्या बाबतीत तेवढ्याने डोकं कापलं जाऊ शकतं, आणि जवळची वस्तू मागच्या वस्तूसमोर जिथे दिसली तिथे फोटोत येत नाही. दोन, तिच्या कडा काटेकोर नसतात. डोळा जरा सरकला की चौकट सरकते, आणि माझ्यासारख्या चष्मेवाल्याला चारही कोपरे एकदम दिसतच नाहीत. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अशा बहुतेक फाइंडरमध्ये कडेच्या सरळ रेषा किंचित बाहेर फुगलेल्या दिसतात. तो दोष म्हणून सांगितला जातो. पण त्या फुगवट्यामुळेच कडेला उभ्या माणसाचं डोकं गोल राहतं. लेन्स मात्र सरळ रेषा सरळच ठेवते, आणि त्याची किंमत कडेची गोल डोकी भरतात.

हे कसं, ते आकड्यांत सांगता येतं. ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर १५ मिमीची लेन्स मध्यापासून डाव्या-उजव्या कडेपर्यंत सुमारे ५० अंश बघते. त्या कोनावर गोल वस्तू आडवी ताणली जाते आणि तिची रुंदी उंचीच्या सुमारे १.५६ पट होते. ५० मिमीच्या लेन्सला हाच आकडा १.०६ आहे, २८ मिमीला १.१९. म्हणजे २८ला कडेचा माणूस जरा अंगाने भरल्यासारखा वाटतो. १५ला त्याचं डोकं आडवं ठेवलेल्या नारळासारखं होतं. यात लेन्सचा दोष काहीच नाही. सपाट पृष्ठभागावर काटेकोर यथादर्शन काढलं की असंच होणार. रांगेतले कडेचे गोल खांब मधल्या खांबांहून जाड उमटतात, ही अडचण लिओनार्दो दा विंचीनेही नोंदवली होती.

त्यावर उपाय आहे, पण तो कुणी करत नाही. फोटो योग्य अंतरावरून पाहिला तर ताण नाहीसा होतो. १५ मिमीच्या लेन्सने काढलेला फोटो ३६ सेंटिमीटर रुंद छापला, तर तो मध्यासमोर डोळा धरून १५ सेंटिमीटरांवरून बघायला हवा. तिथून कडेचं डोकं तिरकं दिसतं आणि पुन्हा गोल होतं. मोबाइलवर तोच फोटो १५ सेंटिमीटर रुंद दिसत असेल तर डोळा पडद्यापासून सव्वासहा सेंटिमीटरांवर न्यावा लागेल. प्रदर्शनात आपण चार पावलं मागे उभे राहतो आणि मोबाइल हातभर लांब धरतो. तेव्हा हा ताण गणितात नसला तरी बघण्यात कायमचा आहे, आणि फोटो काढणाऱ्याला तो आधीपासून ठाऊक असायला हवा.

फिल्मच्या काळात कडेचा प्रश्न इथेच थांबत होता. डिजिटलने त्यात रंगाची भर घातली. रेंजफाइंडरच्या जुन्या रुंद लेन्सचा मागचा भाग कॅमेऱ्यात खोल, फिल्मच्या अगदी जवळ जातो. कडेला प्रकाश फार तिरका पडतो. फिल्मचं त्याने फारसं बिघडत नाही. सेन्सरवर प्रत्येक बिंदूवर रंगाची गाळणी आणि बारीक भिंग असतं. तिरका प्रकाश शेजारच्या बिंदूत सांडतो आणि कडा लालसर-जांभळट होतात. एका बाजूला हिरवट आणि दुसऱ्या बाजूला लाल छटा आली की वापरणारे त्याला इटलीचा झेंडा म्हणत. २००६च्या लायका एम८मध्ये सेन्सर लहान, १८ बाय २७ मिमीचा होता. १५ची लेन्स त्यावर २०सारखी वागायची, कारण कडा सेन्सरच्या बाहेरच पडायच्या. २००९च्या एम९ने पूर्ण चौकट परत दिली आणि कडाही परत आल्या, रंगासकट. मग सॉफ्टवेअर आलं. पुढे २०१५ साली फोग्टलेंडरने हीच १५ मिमी सेन्सरचा विचार करून नव्याने रचली; ती आधीपेक्षा लांब आणि जड झाली, पण रंग सुधारले. या काळात या लेन्सबद्दल जे काही लिहिलं गेलं त्यातलं मी बरंच वाचलं आहे. कडेचा रंग बरोबर आहे का, यावर पानंच्या पानं आहेत. त्या कडेला माणूस होता का, यावर जवळजवळ काही नाही.

या लेन्सच्या बाजूने एक जुना आणि वजनदार युक्तिवाद आहे. न दिसणं हीच देणगी, असा तो युक्तिवाद. त्याचा सगळ्यात मोठा साक्षीदार बिल ब्रँट. १९४०च्या दशकात त्याने जुन्या सामानातून एक लाकडी कोडॅक कॅमेरा मिळवला: रुंद कोनाचा, स्थिर फोकसचा, गुन्ह्याच्या जागेची नोंद ठेवण्यासाठी पोलीस वापरत तसला. त्यातून नीट काही दिसत नसे. ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’मधल्या खोल्या आणि छतं ब्रँटच्या मनात होती. त्याने ठरवलं की आपण बघायचं ते बघितलं, आता कॅमेऱ्याला बघू द्यावं. १९६१च्या ‘पर्स्पेक्टिव्ह ऑफ न्यूड्स’मध्ये याचं फळ दिसतं. खोली लांबच लांब पसरते, खिडकी मैलभर दूर जाते आणि समोरचं शरीर ओळखीचं असूनही अनोळखी होतं. ते फोटो मोठेच आहेत, आणि फाइंडरमधून सगळं दिसलं असतं तर ते तसे झाले नसते, हेही मला मान्य आहे.

पण ब्रँटच्या खोलीत कोण होतं? तो आणि मॉडेल. मॉडेलला ठाऊक होतं की आपला फोटो निघतो आहे. कडेला भिंत होती, पडदा होता, खुर्ची होती. ताणली गेली तर खुर्ची ताणली जाणार. कॅमेऱ्याला बघू द्यावं ही मोकळीक त्याला त्या बंद खोलीने दिली होती. तीच मोकळीक घेऊन आपण मंडईत उतरतो तेव्हा कडेला खुर्ची नसते.

रस्त्यावर १५ मिमीने काय होतं ते बघा. समोरचा माणूस १ मीटरवर असेल, तर तिथे चौकटीची रुंदी २.४० मीटर असते. फोटो निघतोय असं दिसल्यावर आपल्याकडची माणसं काय करतात? बाजूला होतात. ‘काढा, काढा’ म्हणत एक पाऊल सरकतात, पोराला ओढून घेतात. त्या एका पावलाने ती चौकटीबाहेर जात नाहीत. नेमकी कडेला जातात, जिथे ताण सर्वांत जास्त असतो. सौजन्य दाखवल्याची त्यांना ही शिक्षा. कॅमेरा आपल्याकडे रोखलेला नाही म्हणून ती निर्धास्त असतात, आणि फाइंडरमध्ये कोपरा न दिसल्यामुळे फोटो काढणाराही निर्धास्त असतो. दोघांनाही माहीत नसताना तिसऱ्याच कुणाला, म्हणजे बघणाऱ्याला, ते रुंद झालेलं डोकं आणि पसरलेला गाल दिसतो.

जवळ जाणं हे मुळात वाईट नाही. विल्यम क्लाइनचं न्यूयॉर्कवरचं १९५६चं पुस्तक उघडून बघावं. तो वाइड-अँगल घेऊन लोकांच्या अंगावर गेला, पण त्या लोकांना ते माहीत होतं. ती हसतात, वेडावतात, एक पोरगा खेळण्यातलं पिस्तूल थेट लेन्समध्ये रोखतो. विद्रूपता तिथेही आहे. पण ती समोरासमोरच्या झटापटीतून आलेली आहे आणि तीत समोरच्याचाही हात आहे. कडेचा माणूस या झटापटीत नसतो. त्याला प्रतिकार करायची संधीच मिळालेली नसते.

आता न दिसण्याची सबबही उरलेली नाही. २०१२मध्ये लायकाने जाहीर केलेल्या ‘एम’मध्ये लाइव्ह व्ह्यू आला. डोक्यावर जिथे काचेचा फाइंडर बसायचा, तिथेच इलेक्ट्रॉनिक फाइंडर बसू लागला, आणि त्यात लेन्सला दिसतं तेच दिसतं: ताण, रंग, कापलेली डोकी, सगळं. काचेच्या फाइंडरचे चाहते याला रसभंग म्हणतात. मी अजून काचच वापरतो, कारण तिच्यातून बघताना मी रस्त्यावर असतो, पडद्यासमोर नसतो. पण त्यामुळे जबाबदारी कमी होत नाही. काचेतून कोपरा दिसला नाही, तरी घरी मोठ्या पडद्यावर तो दिसतोच. निवड तिथे होते. कडेची ताणलेली बाई फोटोचा अर्थ वाढवते की नुसती सापडली म्हणून राहिली आहे, हे तिथे ठरवता येतं. नुसती सापडली असेल, तर मधला क्षण कितीही चांगला असो, मी तो फोटो बाजूला ठेवतो.

हा प्रश्न आता महागड्या कॅमेऱ्यापुरता राहिलेला नाही. २०१९च्या आयफोन ११पासून १२० अंशांची लेन्स खिशात आली आणि लग्नाच्या ग्रुप फोटोत कडेला उभी राहिलेली आत्या दरवेळी तेवढीच रुंद होऊ लागली. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी चेहऱ्यांपुरता ताण काढून टाकण्याची पद्धत मांडली: पार्श्वभूमीच्या रेषा सरळ ठेवायच्या आणि चेहरे तेवढे गोल करायचे. आत्यासाठी हे चांगलंच आहे. पण यातही कडेला कोण आहे हे बघायचं काम यंत्राकडेच गेलं. चेहरा गोल होतो. तो माणूस तिथे का आहे, याचं उत्तर मिळत नाही.

म्हणून अल्ट्रा-वाइड फोटोची परीक्षा मध्यापासून करू नये, कोपऱ्यांपासून करावी. पुढच्या गणपतीनंतर ढोलपथकाचे फोटो येतील तेव्हा हवेत उडालेली टिपरू क्षणभर सोडून द्या आणि आधी डावी कड बघा, मग उजवी. तिथे दोरीला धरून उभा असलेला स्वयंसेवक असेल, खांद्यावर पोर घेतलेला बाप असेल, फुगेवाला असेल. तो तिथे आहे म्हणून फोटोत काही घडतंय, की त्याच्यावरून नजर सरकावी अशीच अपेक्षा आहे? पहिलं उत्तर देणारे फोटो थोडे असतात. मावलं किती हे विसरून ते थोडे वेगळे काढले पाहिजेत.