‘स्वाभाविक हालचाली’चा आदर्श : बोबाथ उपचारपद्धतीचे परीक्षण

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या भौतिकोपचारावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या विचारसरणीचा फार मोठा प्रभाव पडला, ती बोबाथ दाम्पत्याची होय. बर्टा बोबाथ ह्या मूळच्या व्यायामशिक्षिका आणि कारेल बोबाथ हे वैद्य. दोघांचाही जन्म बर्लिनचा. नाझी राजवटीमुळे दोघांनी लंडनचा आश्रय घेतला आणि तेथेच त्यांची पद्धती आकारास आली. कोणत्याही उपचारपद्धतीच्या मुळाशी एक सिद्धान्त असतो आणि एक आदर्श असतो. बोबाथ पद्धतीचे मूल्यमापन करताना ह्या दोहोंचा स्वतंत्रपणे विचार करणे अगत्याचे आहे.

सिद्धान्त थोडक्यात असा : मेंदूस इजा झाल्यामुळे खालच्या पातळीवरील प्रतिक्षिप्त क्रिया अनिर्बंध होतात, त्यामुळे स्नायूंत ताठरता येते आणि मूल विकृत हालचालींचीच सवय करून घेते. सबब उपचारकाने आपल्या हातांनी त्या विकृतींस आवर घालावा व स्वाभाविक हालचालींस वाट करून द्यावी. मुलाला योग्य हालचालीचा अनुभव आला की दैनंदिन कार्यक्षमता तिच्यामागोमाग येईल. ह्या विचाराचे ऐतिहासिक श्रेय नाकारता येणार नाही. स्नायू सुटा सुटा पाहून त्यास पट्ट्यांनी व प्लास्टरने जखडण्याची प्रथा रूढ असताना बोबाथांनी संपूर्ण मुलाकडे पाहिले. मुलाला कसे उचलावे, कसे बसवावे, कपडे कसे घालावेत, हे आईबापांना शिकविणे त्यांनी उपचाराचाच भाग मानले.

परंतु ‘मागोमाग येईल’ हा जो दुवा, तोच ह्या उपपत्तीत कच्चा ठरला. १९८८ मध्ये पामर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बारा ते एकोणीस महिने वयाच्या ४८ बालकांची तुलना प्रसिद्ध केली. ही सर्व बालके दोन्ही पायांत विशेष ताठरता असलेली होती. एका गटास ह्या परंपरेतील भौतिकोपचार वर्षभर मिळाला. दुसऱ्यास प्रथम सहा महिने खेळ, भाषा व आकलन यांस चालना देणारा कार्यक्रम आणि नंतर भौतिकोपचार. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटाचा सरासरी कारक गुणांक ४९.१, तर दुसऱ्याचा ५८.१ भरला. मुलांची संख्या लहान होती, हे खरे. तथापि हालचाल ‘सुधारण्या’वर भर दिलेला गटच हालचालीत मागे पडावा, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. स्वतः बोबाथांनीही उत्तरकाळात कबूल केले की, उपचाराच्या खोलीत साधलेले आपोआप दैनंदिन जीवनात उतरते ही त्यांची समजूत चुकीची होती.

मग अनुभवी उपचारकांस इतकी वर्षे गुण दिसत होता तो कशामुळे? ह्याचे उत्तर २००२ मध्ये रोझेनबाउम व सहकाऱ्यांनी कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या ६५७ मुलांच्या निरीक्षणातून काढलेल्या वाढीच्या वक्ररेषांत सापडते. व्यंगाची तीव्रता कोणतीही असो, स्थूल हालचालींतील बहुतेक प्रगती मुलाच्या पहिल्या पाच वर्षांत होऊन जाते. ज्या वयात उपचार चालू असतो, त्याच वयात वाढही चालू असते. तुलनेचा गट नसेल, तर वाढीचे श्रेय उपचाराच्या खात्यावर सहज जमा होते.

येथे समर्थकांचा एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा : आजची पद्धती मूळची राहिलेली नाही, तिच्यात कार्याचा सराव आला आहे, हातांचा आधार कमी झाला आहे. हे विधान खरे आहे. पण ते पक्षाला बळ देत नाही. आशय बदलत जावा आणि नाव तेच राहावे, अशी स्थिती झाली की प्रतिकूल निष्कर्ष ‘जुन्या’ पद्धतीचा आणि अनुकूल निष्कर्ष ‘पद्धती’चा ठरतो. अशा नावाची परीक्षाच संभवत नाही. नोव्हाक व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या आढाव्यात मूळ स्वरूपातील ही पद्धती परिणामशून्य उपचारांत गणली गेली. ध्येय ठरवून केलेला सराव, दोन्ही हातांचा सराव, सबळ हात बांधून दुर्बळ हाताकडून करविलेला सराव व घरचा कार्यक्रम यांना मात्र अनुकूल स्थान मिळाले. ह्यांपैकी जे नव्या बोबाथ पद्धतीत आले असेल, त्याचे यश त्या त्या सरावाचे मानावे; नावाचे नव्हे.

मात्र विरोधी पक्षासही सावधगिरी सोडता येत नाही. ताठर स्नायूस व्यायाम दिल्याने ताठरता वाढते, ही जुनी भीती निराधार ठरली आणि स्नायूंची शक्ती वाढविता येते हे सिद्ध झाले. पण शक्ती वाढली म्हणजे चालणे सुधारलेच, असे प्रयोगांत नेहमी दिसलेले नाही. २०११ मध्ये लॉ व सहकाऱ्यांनी १२८ मुलांवर केलेल्या प्रयोगात मुलावर केंद्रित उपचार आणि कार्य व परिस्थिती बदलण्यावर केंद्रित उपचार यांत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गट सारखेच सुधारले. एका गोष्टीवर मेहनत घेऊन दुसरीची अपेक्षा धरणे, हा दोष कोणा एका संप्रदायाचा नाही.

आदर्शाचा प्रश्न ह्याहून गंभीर आहे. हालचालीचे स्वाभाविक रूप हेच साध्य मानले, म्हणजे वाकड्या पावलांनी का होईना, स्वतःच्या बळावर खिडकीपर्यंत पोचलेले मूल अपयशी ठरते, आणि घरी अंगस्थिती सांभाळण्यात कमी पडलेली आई अपराधी ठरते. पहिल्या पाच वर्षांचे तास मोजके आहेत. ते कशाचे रूप घडविण्यात खर्च करावयाचे, हा निर्णय केवळ तंत्राचा नव्हे. बोबाथांनी मुलाकडे पाहावयास शिकविले, हा त्यांचा ठेवा टिकेल. पाहून काय शोधावयाचे, ह्याविषयीचे त्यांचे उत्तर मात्र बाजूस ठेवणे प्राप्त आहे : हालचाल बरोबर दिसते काय, हा प्रश्न दुय्यम, त्या हालचालीने मुलाला काय करता आले, हा प्रश्न प्रथम.