'दारिद्र्याची संस्कृती' : आरोपी कोण?

ऑस्कर लुईस या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचा 'ला व्हिदा' हा ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला. सान हुआनची झोपडपट्टी आणि न्यूयॉर्क येथे राहणाऱ्या एका पोर्तोरिकन कुटुंबाचे जगणे त्याने त्यांच्याच तोंडून टिपले आहे. भूक, देहविक्रय, मारहाण, थट्टामस्करी, काहीच झाकलेले नाही. दलित आत्मकथने वाचणाऱ्याला ही माणसे परकी वाटणार नाहीत. माझा आक्षेप त्यांच्या कथनांना नाही. त्यांच्या डोक्यावर बसवलेल्या प्रस्तावनेला आहे.

प्रस्तावनेत लुईस 'दारिद्र्याची संस्कृती' मांडतो. हताशपणा, परावलंबन, न्यूनगंड ही गरिबांची जगण्याची रीतच बनते, ती पिढ्यान्‌पिढ्या उतरते, सहा-सात वर्षांच्या पोरात ती मुरलेली असते, असे त्याचे म्हणणे. गरीब संघटित झाले की ही संस्कृती मोडते, असेही तो सांगतो. पण समाजकार्याच्या व्यवहारात हे दुसरे विधान मागे पडले आणि पहिले टिकले. घरभाडे, मजुरी, भाषेची अडचण बाजूला राहिली. आईचे वागणे तेवढे फाइलीत चढले. १८९८ साली अमेरिकेने पोर्तो रिको स्पेनकडून घेतले, १९१७ साली तेथील लोकांना नागरिकत्व दिले. पण बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत आजही मत नाही. या इतिहासाने लादलेली हतबलता त्यांची 'संस्कृती' कशी?

त्यांच्या मनोव्यथेचेही असेच झाले. मरणाची बातमी, घरातला कलह अशा आघाताने माणूस किंचाळतो, थरथरतो, कधी कोसळतो. लोक याला 'आताके दे नेर्व्हियोस', म्हणजे नसांचा झटका, म्हणतात. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी तो पोर्तोरिकन सैनिकांत पाहिला आणि नाव दिले 'पोर्तोरिकन सिंड्रोम'. रोगाला जमातीचेच नाव! १९९४ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात लोकांचा स्वतःचा शब्द आला, ही सुधारणा खरीच. पण तो आला 'संस्कृतिबद्ध' विकारांच्या यादीत.

मला सर्वात अस्वस्थ करते ते लुईसने दिलेले आपले उदाहरण. भारतातील चामड्याचे काम करणाऱ्या व सफाई करणाऱ्या जाती अतिदरिद्री आहेत, तरी त्यांच्यात ही संस्कृती नाही. कारण त्यांना जातपंचायत आहे, कूळ आहे, समाजात जागा आहे, असे तो लिहितो. जागा आहे, पण कुठली? गावकुसाबाहेरची! समाजाने सामावून घेतले होते, तर १९२७ साली महाडच्या तळ्यावर जावे का लागले? माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. आम्हांला कुठल्या संस्कृतीने अडवले नव्हते, आणि जातपंचायतीने तारलेही नाही.

लुईसला खरे उत्तर न्यूयॉर्कच्या दक्षिण ब्रॉन्क्सने दिले. तेथील लिंकन हॉस्पिटलच्या मानसिक आरोग्य केंद्रात वस्तीतलेच काळे व पोर्तोरिकन सहायक नेमले होते. रुग्णाचे बोलणे त्यांना कळे. निर्णय मात्र वरच्यांचा. मार्च १९६९ मध्ये त्यांनी केंद्राचा ताबा घेतला आणि कारभार वस्तीच्या हाती मागितला. जुलै १९७० मध्ये यंग लॉर्ड्स या पोर्तोरिकन तरुणांच्या संघटनेने हॉस्पिटलची एक इमारत ताब्यात घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. तेथे उपचाराबरोबर राजकीय शिक्षणही चाले. १९७८ साली ते बंद पाडण्यात आले. यंग लॉर्ड्सची प्रेरणा ब्लॅक पँथर. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरचीही तीच.

याचा अर्थ औषधोपचार नको असा नव्हे. व्यथा खरी असते, आणि व्यवस्था बदलेपर्यंत रुग्णाने थांबावे असे कोणी म्हणू नये. प्रश्न एवढाच, की व्यथेचे कारण ठरवताना ती भोगणाऱ्याला विचारले जाते काय? समाजकार्य शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींनी 'ला व्हिदा' जरूर वाचावा. कथने आधी, प्रस्तावना नंतर. आणि तिच्यातले प्रत्येक विधान आपल्या वस्तीवर घासून पाहावे.