प्रांताचे राज्य आणि गावाचा कोतवाल

नागपूर प्रांताचा इतिहास सांगण्याची एक ठरीव रीत आहे. आधी देवगडचे गोंड राजे, मग भोसले, १८५३ साली राज्य खालसा, १८६१ साली मध्यप्रांत, १९०३ साली त्याला वऱ्हाडची जोड, १९५६ साली द्वैभाषिक, १९६० साली महाराष्ट्र. त्यानंतर ‘कारभार’ हे प्रकरण आणि वेगळे काढलेले ‘जाती-जमाती’. ज्यांच्या श्रमावर गावकारभार चालला ती माणसे कारभाराच्या प्रकरणात भेटत नाहीत, जातींच्या प्रकरणात भेटतात. हा केवळ मांडणीचा दोष नव्हे. या मांडणीतच समाजव्यवस्था दडलेली आहे.

आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा १९१६ सालचा मध्यप्रांतातील जाती-जमातींवरचा चतुःखंडी ग्रंथ पाहा. त्यामागचे परिश्रम मोठे आहेत. आजही अभ्यासकाला तो टाळता येत नाही. पण जाती तेथे इंग्रजी वर्णानुक्रमाने लावल्या आहेत. त्यामुळे जमीन राखणारा आणि गाव राखणारा यांचे नाते पानापानांत विखरून जाते. महारांवरील लेखात गावकीची कामे आहेत, पण ती जातीची रूढी म्हणून. मध्यप्रांतात गावच्या जन्म-मृत्यूची खबर कोतवाल पोलीस ठाण्यात पोचवी. नागपूरकडे पुष्कळ गावी हे काम महाराकडे असे. माझे पणजोबा त्यांपैकीच एक. सरकारी आकडे अशा निरक्षर माणसांनी पायपीट करून पुरवले. याला रूढी म्हणायचे की राज्यकारभार? हा प्रश्न रसेलला पडत नाही.

बाबासाहेबांना तो पडतो. १९५५ सालच्या ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या पुस्तकात त्यांनी महाराष्ट्राचे मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व असे चार भाग सुचवले. त्यांचा पूर्व महाराष्ट्र म्हणजे आपला विदर्भ. त्याच वर्षी फाजल अली आयोगानेही स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. वेगळ्या विदर्भाची बाजू मांडताना बाबासाहेबांचे हे मत आवर्जून सांगितले जाते. गाळली जाते ती त्यामागची कसोटी. भाषिक प्रदेशात एक जात संख्येने मोठी आणि बाकीच्या लहान जाती तिच्यावर अवलंबून असतील, तर बहुमत विचाराने ठरत नाही, जन्माने ठरते, हे त्यांनी राज्यरचनेच्या चर्चेतच मांडले. राज्य लहान करणे एवढाच उपाय सांगून ते थांबले नाहीत. अल्पसंख्याकांसाठी दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि संचित मतदान त्यांनी सुचवले. म्हणजे येथे कारभार आणि जात ही एकाच प्रकरणात आली.

हीच दृष्टी १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी घेतली होती. अस्पृश्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व नसलेली पंचायत म्हणजे गावातील बलवंतांच्या हाती दिलेली सत्ता, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. पंचायतीतील राखीव जागांची हमी घटनेत यायला १९९३ साल उजाडावे लागले.

म्हणून नव्या राज्याच्या मागणीकडे आपण याच कसोटीने पाहिले पाहिजे. सिंचनाचा अनुशेष, कापसाचा भाव, नोकऱ्या हे प्रश्न खरेच आहेत. पण त्या राज्याच्या गावात जमीन कुणाकडे आणि राखीव जागेवरच्या सरपंचाच्या हाती प्रत्यक्ष अधिकार किती, याचे उत्तर मागणीच्या पहिल्या कलमात हवे. ते नसेल, तर राजधानी मुंबईहून नागपूरला येईल आणि कोतवाल जातींच्या प्रकरणातच राहील.